समन्वय अंक आणि ऑक्सिडीकरण अंक

समन्वय अंक आणि ऑक्सिडीकरण अंक या धातूंच्या जटिल संयुगांचे वर्णन करताना वापरल्या जाणाऱ्या दोन स्वतंत्र संख्या आहेत. मध्यवर्ती धातूच्या अणूला किंवा आयनाला शेजारचे किती अणू थेट जोडलेले आहेत, हे समन्वय अंकावरून कळते. त्या धातूच्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत असे मानावयाचे, हे ऑक्सिडीकरण अंकावरून कळते. पहिली संख्या रचना पाहून मोजली जाते. दुसरी ठरावीक नियमांनी हिशेब करून काढली जाते. समन्वय अंक नेहमी धन असतो, तर ऑक्सिडीकरण अंक धन, शून्य किंवा ऋणही असू शकतो.

दोन्ही संख्या बहुधा लहान आणि पूर्णांकी असतात. काही संयुगांत त्या योगायोगाने सारख्याही येतात. उदाहरणार्थ, टायटॅनियम टेट्राक्लोराइडच्या रेणूत टायटॅनियमचा ऑक्सिडीकरण अंक +४ आणि समन्वय अंकही ४ आहे. अशा उदाहरणांमुळे एका संख्येवरून दुसरी सांगता येते, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. तो खरा नाही.

परिभाषा

इंग्रजीतील ‘को-ऑर्डिनेशन नंबर’ आणि ‘ऑक्सिडेशन नंबर’ या संज्ञांसाठी मराठीत एकच एक पर्याय रूढ झालेला नाही. ‘नंबर’ या शब्दाचा अर्थ मराठी बोलण्यात ‘क्रमांक’ असाही होतो. पण येथे क्रम लावण्याचा प्रश्न नसल्याने ‘समन्वय क्रमांक’ किंवा ‘ऑक्सिडीकरण क्रमांक’ यापेक्षा ‘अंक’ हे उत्तरपद अधिक योग्य ठरते. ‘ऑक्सिडीकरण’ हा शब्दही फसवा आहे. मुळात तो ऑक्सिजनशी होणाऱ्या संयोगासाठी योजला गेला. आज मात्र इलेक्ट्रॉन गमावण्याची कोणतीही क्रिया त्यात येते, मग तेथे ऑक्सिजन असो वा नसो. उलट, ऑक्सिजनचा रेणू एखाद्या धातूला येऊन चिकटला म्हणजे त्या धातूचे ऑक्सिडीकरण झालेच, असेही नाही. हा भेद रक्तातील लोहाच्या संदर्भात अतिशय महत्त्वाचा ठरतो.

मध्यवर्ती धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूस किंवा आयनास ‘लिगंड’ म्हणतात. लिगंडमधील जो अणू आपली इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन धातूशी बंध निर्माण करतो, तो ‘दाता अणू’ होय.

इतिहास

या दोन संख्यांची फारकत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोबाल्ट आणि अमोनिया यांच्या संयुगांवरून झाली. कोबाल्टच्या एका अणूशी क्लोरीनचे तीन अणू जोडले की कोबाल्टची तीन ही संयुजा पूर्ण होते. अमोनियाच्या रेणूतही नायट्रोजनची संयुजा पुरी झालेली असते. तरीही या दोहोंचा संयोग होऊन स्थिर, रंगीत आणि सुंदर स्फटिक देणारी संयुगे बनतात. संयुजेचे हात आधीच गुंतलेले असताना अमोनियाचे रेणू कशाला धरून राहतात, हा त्या काळातील मोठा पेच होता.

स्वीडनचे क्रिस्तियान व्हिल्हेल्म ब्लूमस्ट्रांड यांनी १८६९ मध्ये अमोनियाचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात, अशी कल्पना मांडली. कोपनहेगन येथील सोफुस माड्स यर्गेन्सन यांनी ती पुढे नेली. यर्गेन्सन हे अतिशय काटेकोर प्रयोगकर्ते होते. त्यांचा सिद्धांत पुढे टिकला नाही, पण तो मोडून काढण्यासाठी वापरली गेलेली संयुगे बव्हंशी त्यांनीच तयार केलेली होती.

आल्फ्रेड वेर्नर (१८६६–१९१९) यांनी १८९३ मध्ये निराळा विचार मांडला. त्यांच्या मते धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात: मुख्य आणि दुय्यम. मुख्य संयुजा प्रभाराचा हिशेब पुरा करते. दुय्यम संयुजा धातूभोवती ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांना शेजारी बसवते. मुख्य संयुजेची कल्पना म्हणजे आजचा ऑक्सिडीकरण अंक आणि दुय्यम संयुजेची कल्पना म्हणजे आजचा समन्वय अंक होय. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा अजून लागावयाचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराची झेप कळते.

या विचाराची कसोटी साध्या सिल्व्हर नायट्रेटने घेता येते. द्रावणात मोकळे असलेले क्लोराइड आयन सिल्व्हर नायट्रेटबरोबर लगेच पांढरा अवक्षेप देतात. धातूला घट्ट जोडलेले क्लोराइड तसा देत नाहीत. एका कोबाल्टमागे सहा अमोनिया आणि तीन क्लोरीन असलेल्या पिवळ्या संयुगातील तिन्ही क्लोरीन अवक्षेपित होतात. पाच अमोनिया असलेल्या जांभळट संयुगात तिनांपैकी दोनच अवक्षेपित होतात. चार अमोनिया असलेल्या संयुगात केवळ एक. आर्तुरो मियोलाती यांच्यासह वेर्नर यांनी द्रावणांची विद्युतवाहकता मोजली, तेव्हा आयनांच्या संख्येचाही याच्याशी मेळ बसला.

अर्थ असा की अमोनियाचा एकेक रेणू जसा कमी होतो, तसा त्याच्या जागी एकेक क्लोराइड आत येतो, आणि आतील शेजाऱ्यांची संख्या सहाच राहते. वरील तिन्ही संयुगांत कोबाल्टचा ऑक्सिडीकरण अंक +३ आणि समन्वय अंक ६ आहे. बदलतो तो केवळ जटिल आयनाचा एकूण प्रभार: पहिल्यात +३, दुसऱ्यात +२, तिसऱ्यात +१. आत आलेला क्लोराइड दोन कामे एकदम करतो. तो धातूचा एक धनप्रभारही फेडतो आणि सहांपैकी एक जागाही अडवतो. अमोनियाला प्रभार नसल्याने तो फक्त जागा अडवतो. बाहेर राहिलेला क्लोराइड फक्त प्रभार फेडतो. या तीन भूमिका वेगळ्या ओळखता आल्या, तर दोन्ही अंकांतील बहुतेक घोटाळे टळतात.

सहा शेजारी कोणत्या आकारात बसतात, हेही वेर्नर यांनी समघटकांची संख्या मोजून ठरवले. चार शेजारी एका प्रकारचे आणि दोन दुसऱ्या प्रकारचे असतील, तर सपाट षट्कोनात किंवा त्रिकोणी लोलकात तीन निरनिराळ्या रचना संभवतात; अष्टफलकात दोनच. प्रत्यक्षात दोनहून अधिक कधी मिळाले नाहीत. चार अमोनिया असलेल्या कोबाल्ट क्लोराइडचा हिरवा प्रकार पूर्वीपासून ज्ञात होता. सिद्धांतानुसार अपेक्षित असलेला जांभळा प्रकार वेर्नर यांनी १९०७ मध्ये तयार केला आणि यर्गेन्सन यांनी आपला विरोध सोडला. १९११ मध्ये अष्टफलकीय रचनेतून अपेक्षित असलेले उजवे-डावे समघटक वेगळे करण्यात यश आले. १९१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वेर्नर यांना मिळाले. उजवे-डावेपण कार्बनामुळेच येते, असा काहींचा आग्रह तरीही उरला होता. १९१४ मध्ये कार्बनचा एकही अणू नसलेले तसे संयुग तयार करून वेर्नर यांनी तोही संपवला.

ऑक्सिडीकरण अंक काढण्याची रीत

धातू आणि लिगंड यांच्यामधील बंधाची इलेक्ट्रॉन-जोडी पूर्णपणे लिगंडची आहे असे मानून सर्व लिगंड दूर केले, तर धातूवर जो प्रभार उरेल तो त्याचा ऑक्सिडीकरण अंक. पाणी, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड हे लिगंड उदासीन, क्लोराइड, सायनाइड, हायड्रॉक्साइड यांचा प्रभार प्रत्येकी −१, ऑक्सलेटचा −२. पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये पोटॅशियमचे चार आयन मिळून +४ आणि सायनाइडचे सहा मिळून −६ होतात. संयुग उदासीन असल्याने लोहाकडे +२ येतात. पोटॅशियम फेरिसायनाइडमध्ये पोटॅशियम तीनच असल्याने लोह +३ ठरते. दोन्हींत लोहाभोवती सायनाइडचे सहा कार्बन आहेत, म्हणजे समन्वय अंक ६ च आहे. एकाचे स्फटिक फिकट पिवळे, दुसऱ्याचे लाल. फरक एका इलेक्ट्रॉनचा.

हा अंक म्हणजे धातूवरील खरा, मोजता येणारा प्रभार नव्हे. प्रत्यक्षात बंधातील इलेक्ट्रॉन दोघांत कमी-अधिक वाटलेले असतात. ऑक्सिडीकरण अंक हा जमाखर्चाचा संकेत आहे. त्याचे मोल असे की अभिक्रियेत किती इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेले, हे त्याच्या साहाय्याने बिनचूक सांगता येते.

संयुगाच्या नावात धातूनंतर कंसात येणारा रोमन अंक हा ऑक्सिडीकरण अंक असतो. ही पद्धत आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवली. समन्वय अंक नावात स्वतंत्रपणे लिहिलेला नसतो. तो ‘टेट्रा’, ‘हेक्झा’ अशा उपपदांवरून आणि लिगंडच्या स्वरूपावरून काढावा लागतो.

समन्वय अंक मोजताना

समन्वय अंक म्हणजे लिगंडांची संख्या नव्हे, तर धातूला जोडलेल्या दाता अणूंची संख्या. एथिलीनडायअमीनचा रेणू दोन नायट्रोजनांनी धातूला धरतो, म्हणून असे तीन रेणू जोडल्यास समन्वय अंक ६ होतो. पाण्याचा कठीणपणा मोजण्यासाठी वापरला जाणारा ईडीटीए हा एकटाच सहा दाता अणू पुरवू शकतो. सेरिक अमोनियम नायट्रेटमध्ये सेरियमभोवती सहा नायट्रेट असून प्रत्येक दोन ऑक्सिजनांनी जोडलेला आहे. तेथे समन्वय अंक १२ आणि ऑक्सिडीकरण अंक +४ आहे. दुहेरी किंवा तिहेरी बंध असला, तरी तो अणू एकदाच मोजला जातो.

सूत्रावरून समन्वय अंक सांगणे किती धोक्याचे असते, याचे घरगुती म्हणावे असे उदाहरण मोरचुदाचे आहे. बागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात ते निळे मोरचूद म्हणजे पाण्याचे पाच रेणू असलेले कॉपर सल्फेट. पाच रेणू पाहून समन्वय अंक ५ सांगण्याचा मोह होतो. सी. ए. बीव्हर्स आणि हेन्री लिप्सन यांनी १९३४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे चार रेणू एका प्रतलात आहेत. वर आणि खाली, थोड्या अधिक अंतरावर, सल्फेटचे दोन ऑक्सिजन आहेत. पाण्याचा पाचवा रेणू तांब्याला जोडलेलाच नाही. तो हायड्रोजन बंधांनी स्फटिकात अडकलेला आहे. त्यामुळे समन्वय अंक ६, किंवा अंतरातील फरक दाखवावयाचा असल्यास ४+२, असा सांगतात. तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक मात्र सूत्र पाहूनच +२ असा निःशंकपणे सांगता येतो. सामान्यतः असेच असते: ऑक्सिडीकरण अंकासाठी सूत्र पुरते, समन्वय अंकासाठी रचना माहीत असावी लागते.

काही ठिकाणी रचना माहीत असूनही मतभेद उरतो. १९५१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या फेरोसीनमध्ये लोहाचा अणू पाच-पाच कार्बनांच्या दोन कड्यांमध्ये आहे. दहाही कार्बन लोहापासून सारख्याच अंतरावर असल्याने समन्वय अंक १० म्हणावा, की प्रत्येक कडे तीन इलेक्ट्रॉन-जोड्या देते म्हणून ६ म्हणावा, हे व्याख्येवर अवलंबून राहते. लोहाच्या +२ या ऑक्सिडीकरण अंकाबद्दल असा वाद नाही.

स्फटिकांच्या अभ्यासात समन्वय अंक या संज्ञेचा अर्थ ‘सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांची संख्या’ असा व्यापक होतो. मिठाच्या स्फटिकात सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात, पण सोडियमचा ऑक्सिडीकरण अंक +१ च असतो. शुद्ध तांब्याच्या स्फटिकात प्रत्येक अणूला बारा शेजारी असतात आणि ऑक्सिडीकरण अंक शून्य असतो.

परस्परसंबंध

‘समन्वय अंक हा ऑक्सिडीकरण अंकाच्या दुप्पट असतो’ असा एक ठोकताळा प्रचलित आहे. चांदी (+१, २), नेसलर अभिकर्मकातील पारा (+२, ४), कोबाल्ट (+३, ६) यांना तो लागू पडतो. पण फेरोसायनाइडमधील लोहालाच (+२, ६) तो लागू पडत नाही. सोयीची उदाहरणे निवडल्यामुळे टिकून राहिलेला हा ठोकताळा आहे. त्याच्यामागे कोणताही नियम नाही. समन्वय अंक ठरतो तो धातूच्या आयनाचा आकार, लिगंडांची दाटी आणि धातूवरील उरलेल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी यांवरून. प्रभाराचा त्यात वाटा असतो, पण तो अनेकांपैकी एक.

एका अंकाला न हलवता दुसरा कसा बदलतो, हे कोबाल्टच्याच एका प्रयोगात दिसते. पाण्यातील कोबाल्ट क्लोराइडचे द्रावण गुलाबी असते. त्यात प्रत्येक कोबाल्टभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की चार क्लोराइड पाण्याची जागा घेतात आणि द्रावण गडद निळे होते. पाणी घालून विरळ केल्यास ते पुन्हा गुलाबी होते. समन्वय अंक ६ वरून ४ वर आणि परत ६ वर जातो. रंगाचा हा ठळक पालट पाहून ऑक्सिडीकरण झाले असे वाटते. प्रत्यक्षात एकही इलेक्ट्रॉन दिला-घेतलेला नसतो. कोबाल्ट सर्व वेळ +२ च राहते.

निकेलच्या संयुगांत दोन्ही अंक सारखे असूनही आकार बदलतो. चार सायनाइड असलेले निकेल चौरस समतलीय असते, तर चार क्लोराइड असलेले चतुष्फलकीय; दोन्हींत +२ आणि ४. लुडविग माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये शोधलेल्या निकेल टेट्राकार्बोनिलमध्येही समन्वय अंक ४ च, पण ऑक्सिडीकरण अंक शून्य. टेट्राकार्बोनिलफेरेट आयनात तर लोह −२ असून समन्वय अंक ४ आहे. दुसऱ्या टोकाला, २०१४ मध्ये वायुरूपात आढळलेल्या इरिडियम आणि ऑक्सिजन यांच्या आयनात इरिडियमचा ऑक्सिडीकरण अंक +९ आहे आणि त्याला शेजारी मात्र चारच आहेत. ऱ्हेनियमच्या एका संयुगात धातूभोवती नऊ हायड्राइड असतात. तेथे ऑक्सिडीकरण अंक +७ आहे.

भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत प्रियदारंजन राय यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कोबाल्टच्या एका उजव्या समघटकाचे डाव्यात रूपांतर होताना कोणताही बंध न तुटता तीन लिगंड केवळ पिळले जातात, अशी यंत्रणा राय आणि एन. के. दत्त यांनी १९४३ मध्ये सुचवली. ती ‘राय-दत्त पीळ’ या नावाने ओळखली जाते. अशा पिळात दोन्ही अंक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच राहतात.

रक्तातील लोह

हिमोग्लोबिनमधील लोह +२ अवस्थेत असते. हीमच्या वलयातील चार नायट्रोजन आणि प्रथिनातील हिस्टिडिनचा एक नायट्रोजन असे त्याला पाच शेजारी असतात. सहावी जागा मोकळी असते. फुप्फुसात ऑक्सिजनचा रेणू या सहाव्या जागी बसतो आणि ऊतींमध्ये पोहोचल्यावर सुटतो. समन्वय अंक ५ वरून ६ होतो व पुन्हा ५ होतो. त्याबरोबर लोहाचा अणू वलयाच्या प्रतलापासून सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम आत-बाहेर सरकतो. या क्रियेस ‘ऑक्सिजनीकरण’ म्हणतात. ते ऑक्सिडीकरण नव्हे. ऑक्सिजन जोडलेला असतानाच्या क्षणी लोहाला +२ म्हणावे (लायनस पॉलिंग यांचे मत), की एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकल्याने +३ म्हणावे (जोसेफ वाइस यांचे मत), याविषयी दीर्घकाळ चर्चा झालेली आहे. परंतु ऑक्सिजन सुटून जाताना तो इलेक्ट्रॉन लोहाकडेच राहतो आणि लोह +२ म्हणून पुढच्या फेरीस सिद्ध होते, याबद्दल दुमत नाही.

लोहाचे खरोखर ऑक्सिडीकरण होऊन ते +३ झाले, तर मेटहिमोग्लोबिन तयार होते. त्यात सहावी जागा बहुधा पाण्याचा रेणू अडवतो आणि +३ लोह ऑक्सिजन धरू शकत नाही. निरोगी शरीरात असे थोडे रूपांतर सतत होत असते आणि विकरे त्याचे क्षपण करून लोह +२ वर आणतात. त्यामुळे मेटहिमोग्लोबिनचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास राहते. ते १० ते १५ टक्क्यांवर गेले की त्वचा निळसर दिसू लागते व रक्ताचा रंग चॉकलेटी होतो.

तान्ह्या मुलांमध्ये ही विकरे पुरेशी विकसित झालेली नसतात. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटचे जिवाणूंमुळे नायट्राइट बनते आणि नायट्राइट हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करते. वरच्या दुधासाठी असे पाणी वापरल्यास बालक निळे पडू शकते. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये हा संबंध दाखवून दिला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. खते व सांडपाणी झिरपणाऱ्या विहिरींत ती ओलांडली जाऊ शकते. असे पाणी उकळल्याने नायट्रेट नाहीसे होत नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. रुग्णाला नुसता अधिक ऑक्सिजन देऊन भागत नाही, कारण उणीव ऑक्सिजनची नसून तो धरू शकणाऱ्या लोहाची असते. मेथिलीन ब्लू हे औषध शरीरातील क्षपणाच्या क्रियेला वेग देऊन लोहाला +२ वर आणते.

सायनाइडच्या विषबाधेत हीच गोष्ट उलट्या बाजूने उपयोगी पडते. सायनाइड पेशींच्या श्वसनसाखळीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरातील +३ लोहाला चिकटून श्वसन थांबवते. अशा वेळी सोडियम नायट्राइट देऊन रक्तातील काही हिमोग्लोबिनचे मुद्दाम मेटहिमोग्लोबिन केले जाते. त्यातील +३ लोह सायनाइड ओढून घेते आणि विकर मोकळे होते. ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करणारा हा उपाय अर्थातच जपून करावा लागतो. दुसरे औषध हायड्रॉक्सोकोबालामिन हे आहे. त्यात +३ कोबाल्टभोवती सहा शेजारी असतात: चार नायट्रोजन वलयातील, पाचवा नायट्रोजन खालच्या बाजूने आणि सहाव्या जागी हायड्रॉक्साइड. सायनाइड आला की हायड्रॉक्साइड जागा सोडतो आणि सायनोकोबालामिन, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, तयार होऊन मूत्रावाटे बाहेर पडते. या अदलाबदलीत कोबाल्टचा ऑक्सिडीकरण अंक +३ आणि समन्वय अंक ६ च राहतो.